मुहूर्ताला नको असलेली ओळ

नाही काका, माफी मी मागणार नाही. तुम्ही चहा घ्या, चिवडा घ्या, पण तो विषय काढू नका — आणि हिंडोळ्यावर नका बसू, त्याची कडी करकरते आणि माझं डोकं आधीच उठलंय, इकडे खुर्चीवर या. आई खाली मार्केटात गेली आहे, बाबा लायब्ररीत, म्हणजे तुम्हाला आज माझ्याशीच बोलावं लागणार. तुम्हाला कोणी पाठवलं ते मी सांगू? प्रतापसिंहरावांनी. परवा मी त्यांची नोकरी सोडून तरातरा निघून आले आणि आज तुम्ही, नंदेसरीच्या एवढ्या मोठ्या प्लँटचे वर्क्स मॅनेजर, सुट्टीच्या दिवशी घडियाळी पोळमधले आमचे हे अंधारे जिने चढून वर आलात — बाबांना भेटायला? बाबांना तर तुम्ही फोन करून बोलावून घेता. काय म्हणाले प्रतापसिंहराव? पोरगी हुशार आहे पण हट्टी आहे, श्रीपतराव, तुमचं ऐकेल, तुम्ही तिला लहानपणापासून खेळवलंय? — बघा, हसलात. म्हणजे अगदी हेच शब्द.

हट्टी मी आहेच. पण मी का भांडले ते त्यांनी सांगितलं का? नसणारच सांगितलं. ‘प्रोग्रॅममधली एक ओळ काढली म्हणून फणकारली,’ एवढंच सांगितलं असेल. एकच ओळ, खरं आहे. तुम्हाला सांगते ती कुठली होती — आणि मध्येच घड्याळ बघू नका हं काका, माझ्या वयाचं कोणी बोलायला लागलं की तुम्ही सगळे घड्याळ बघता, बाबासुद्धा. तुमच्या प्लँटसाठी आम्ही जो प्रोग्रॅम केला तो काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. क्लोरीनच्या शेडमध्ये जागोजागी सेन्सर लावलेत, ते हवेत किती गॅस आहे त्याचा आकडा पाठवतात, कॉम्प्युटर तो पडद्यावर दाखवतो, आकडा हिरवा असेल तोपर्यंत सगळं सारू, ठीक, वाढला की लाल होतो आणि भोंगा वाजतो. हे सगळं मी लिहिलंय, सी मध्ये. पण प्रोग्रॅम सगळी कामं स्वतः करत नसतो. फाइल उघडायची, पडद्यावर अक्षर काढायचं, डिस्कवर किती जागा उरली ते बघायचं — ही कामं तो विंडोजला सांगतो. विंडोजकडे त्या-त्या कामाचं फंक्शन असतं, नाव घेऊन सांगायचं, बाई, एवढं करून दे. तर सकाळी पाळी बदलताना आदल्या दिवसाची नोंद बंद करायची आणि नवी सुरू करायची, आणि त्याआधी डिस्कवर जागा आहे ना ते बघायचं. त्याचं जुनं फंक्शन आहे, पण त्याला मोठ्या डिस्कचा हिशेब जमत नाही, काहीतरीच सांगतं. नवं फंक्शन बरोबर सांगतं. फक्त ते नवं फंक्शन जुन्या विंडोजमध्ये नाहीच. विंडोज पंचाण्णव अगदी पहिल्यांदा आलं ना, त्यात ते नव्हतं, नंतर घातलं.

मग करायचं काय? दोन रीती आहेत. एक म्हणजे त्या फंक्शनचं नाव प्रोग्रॅममध्ये थेट लिहून टाकायचं. तसं केलं तर प्रोग्रॅम उघडतानाच विंडोज सगळी नावं तपासतं, आणि एक जरी सापडलं नाही तरी प्रोग्रॅम उघडतच नाही, तोंडावर सांगतं, अमुक नाही, चला परत. दुसरी रीत मी केली. आधी काहीच पक्कं लिहायचं नाही. प्रोग्रॅम सुरू झाला की चालता-चालता विंडोजला विचारायचं — या नावाचं फंक्शन तुझ्याकडे आहे का? असेल तर त्याचा पत्ता दे. तो पत्ता एका पॉइंटरमध्ये ठेवायचा आणि काम पडलं की त्या पत्त्यावर जायचं. आणि नसेल तर विंडोज शून्य देतं. शून्य म्हणजे पत्ता नाही. मग आपण म्हणायचं, हरकत नाही, जुन्याकडून करून घेऊ, थोडं चुकीचं का होईना, पण अडत नाही. आता यात सगळं कशावर अवलंबून आहे? — नाही, तुम्ही सांगा, तुम्ही इंजिनीयर आहात. — बरोबर. शून्य आलं का हे बघण्यावर. ‘जर मिळालं नाही, तर.’ ती ओळ. ती ओळ नसेल तर प्रोग्रॅम त्या शून्यालाच पत्ता समजतो आणि बेधडक निघतो, आणि जिथे काहीच नाही तिथे पाय टाकतो.

ती ओळ प्रतापसिंहरावांनी काढली. का काढली माहीत आहे? ऐका हं, हे तुम्ही कोणाला सांगितलंत तर कोणी विश्वास ठेवणार नाही. त्या ओळीखाली मी पडद्यावर एक वाक्य दाखवत होते, ‘नवीन फंक्शन मिळाले नाही, जुने वापरत आहे.’ आणि तुमच्या केबिनमध्ये उद्घाटन होतं. नवाकोरा कॉम्प्युटर, त्यावर कुंकवाचा स्वस्तिक, हार, तुमच्या चेअरमनसाहेबांच्या हातात नारळ. आदल्या दिवशी प्रतापसिंहराव माझ्या मागे उभे राहून पडदा वाचत होते, म्हणाले, मोहना, हे ‘मिळाले नाही’ काय आहे? मी म्हटलं, साहेब, नसेल तर येईल, असेल तर येणारच नाही. म्हणाले, मुहूर्ताला ‘नाही’ शब्द प्रोग्रॅममध्ये कुठेच नको, आपल्याकडे शुभकार्यात असं बोलत नाहीत, आणि पार्टीला काय वाटेल, आपण त्यांच्या मशीनवर संशय घेतोय? त्यांचं मशीन मी स्वतः बघून आलोय, एकदम लेटेस्ट आहे, सगळं आहे त्यात. मी म्हटलं, वाक्य काढते, पण तपासणी राहू दे. हो म्हणाले. आणि मी जेवायला गेले तेव्हा स्वतः बसून दोन्ही काढलं. वाक्य आणि ‘जर’ — जर, मग, सगळं. पॉइंटरचा भाग त्यांना कळला नाही म्हणून तेवढा ठेवला. गंमत अशी की तोही काढून थेट नाव लिहिलं असतं ना, तर जुन्या मशीनवर प्रोग्रॅम उघडलाच नसता, पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं असतं, आणि मी इथे बसून तुमच्याशी वाद घालत नसते. अर्धं ठेवलं आणि अर्धं टाकलं, म्हणून तो नीट उघडतो, नीट चालतो, हिरवे आकडे दाखवतो, आणि सकाळी मरतो.

तुमच्या केबिनमध्ये नाही मरत. तुमच्या केबिनमध्ये कधीच मरणार नाही, काका. मला हेच तर सांगायचंय. तुमच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर आहे, विंडोज अठ्ठ्याण्णव. पण गॅसवर नजर कुठला ठेवतो? कंट्रोल रूममधला. आणि तो कुठला आहे? तुमचा जुना. तुमच्या टेबलावरून उचलला, पुसला, आणि खाली पाठवला. — रागावू नका. मी तुम्हाला चोर म्हणत नाहीये. सगळीकडे असंच चालतं. नवा टीव्ही आला की तो पुढच्या खोलीत आणि जुना आतल्या खोलीत, नवा पंखा बाबांच्या डोक्यावर आणि जुना, खडखडणारा, माझ्या. तुम्हाला वाटलंसुद्धा नसेल की यात काही आहे. ऑर्डर निघाली ‘प्लँटसाठी एक कॉम्प्युटर’, आला तो साहेबांकडे, त्याच्यावर कुंकू लागलं, त्याच्यावर नारळ फुटला, त्याच्यावर आमचा प्रोग्रॅम सगळ्यांनी बघितला, टाळ्या वाजवल्या. आणि मग दुसऱ्या दिवशी तोच प्रोग्रॅम खाली जुन्यावर घातला आणि त्याला सेन्सर जोडले, कारण सेन्सरच्या तारा काय साहेबांच्या केबिनमध्ये आणणार? तुम्ही त्या नव्यावर काय करता, खरं सांगा? — टायपिंग? आणि पत्ते. पत्त्यांचा खेळ. मला माहीत आहे.

मला कसं माहीत? तेच प्रतापसिंहराव विचारत होते. मी परवा त्यांना सांगितलं, साहेब, नंदेसरीला रोज सकाळी प्रोग्रॅम मरतोय, पडद्यावर खोका येतो की या प्रोग्रॅमने काहीतरी गैर केलंय आणि तो बंद होईल, आणि तो खोका कोणी बाजूला सारला किंवा तसाच राहू दिला तर मागे आकडे दिसत राहतात, हिरवे, पण ते कालचे. म्हणजे तेव्हाचे, मेला तेव्हाचे. ते हलत नाहीत. गॅस सुटला तरी हलणार नाहीत. भोंगा वाजणार नाही. मी हे सगळं सांगितलं आणि तो माणूस काय म्हणाला? ‘तुला त्यांच्या कंट्रोल रूममधलं कोणी सांगितलं?’ बस. एवढंच. चूक दुरुस्त करायला मला पाच मिनिटं लागली नसती, ती ओळ परत लिहायची आणि प्रोग्रॅम परत बनवायचा. पण नाही, एकदा हार घालून दिलेली वस्तू परत कशी मागायची, पार्टीला काय तोंड दाखवायचं, आणि आधी हे सांग की तुला सांगितलं कोणी. म्हणून मी निघून आले. आणि आता कोड तिकडे ऑफिसात, मी इकडे, आणि तुम्ही माझी माफी न्यायला आलात.

तुम्हीपण तेच विचारणार आहात, मला दिसतंय तुमच्या तोंडावर. सांगितलं कोणीतरी. त्याने काय फरक पडतो? खोका येतो की नाही ते तुम्ही स्वतः खाली जाऊन बघा ना. तुमच्या केबिनपासून कंट्रोल रूम किती लांब आहे, मधे एक गवताचा पट्टा आहे आणि सायकल स्टँड. उद्या सकाळी पाळी बदलताना जाऊन उभे राहा. — हो, ऑपरेटर सांगत नाहीत, कसे सांगतील, त्यांना हुकूम आहे की पडद्यावर जे येईल त्यावर ओके दाबायचं आणि बाकी कशाला हात लावायचा नाही. त्या खोक्यावर तर ओके नसतंच, ‘क्लोज’ असतं, म्हणून तो तसाच राहतो. तो हुकूम तुम्हीच काढलाय. ‘कॉम्प्युटर बघेल.’ आणि दुसरा हुकूम? ते अमोनियाचे बोळे जमा करून घेतलेत ना तुम्ही? काठीला बांधलेला कापसाचा बोळा, अमोनियात बुडवून पाइपच्या सांध्यांजवळून फिरवायचा, क्लोरीन गळत असेल तर पांढरा धूर निघतो. किती सोपं. न वीज लागते, न विंडोज. वर्षानुवर्षं माणसं दर पाळीला ती काठी घेऊन फिरत होती आणि आता कॉम्प्युटर आलाय म्हणून तुम्ही फेऱ्या बंद केल्या. म्हणजे काठी गेली आणि कॉम्प्युटर मेलेला. मधे काय उरलं, सांगा? नाक. नाकाने वास घेऊन कळेपर्यंत माणसाच्या छातीत गॅस गेलेला असतो, काका. डोळ्यांतून पाणी येतं, खोकला थांबत नाही, रात्रभर उशीला टेकून बसावं लागतं, शर्ट चार वेळा धुतला तरी त्याला तो वास येतो, ब्लीचिंगसारखा, खांद्याजवळ जास्त —

वाचलं. कुठेतरी वाचलं मी.

नाही, ऐका, तुम्ही विषय बदलू नका. मी तुमच्याकडे दोनच गोष्टी मागतेय. हा फोन इथे आहे, घ्या, प्लँटला लावा, सांगा की आजपासून, आत्ताच्या पाळीपासून, बोळ्याच्या फेऱ्या परत सुरू. आणि सोमवारी तुमच्या केबिनमधला कॉम्प्युटर खाली न्या आणि खालचा वर आणा. एवढंच. मग प्रतापसिंहराव ती ओळ परत घालोत न घालोत, मला नोकरी मिळो न मिळो. तुम्हाला जुन्यावरही पत्ते खेळता येतील, तो खेळ त्यातही आहे. — आता हे उद्धट वाटलं असेल तर वाटू दे. — शोभा? कसली शोभा? चेअरमनसाहेब येतील तेव्हा टेबलावर जुना कॉम्प्युटर दिसेल म्हणून? मला समजतच नाही, खरंच समजत नाही, तुम्ही लोक एवढं शिकलात, प्लँट उभे केलेत, बॉयलर फुटताना जवळ उभे राहिलात असं बाबा सांगतात, आणि तुम्हाला टेबलावर जुनं काही दिसायची भीती वाटते?

पुरावा. पुरावा काय देऊ मी तुम्हाला? मी तिथे आत येऊ शकत नाही, गेटवरचा माणूस म्हणतो, एम ना थाय, बेन, पास लावो — असं नाही चालत, पास आणा म्हणे. एका पोरीच्या ऐकीव गोष्टीवर तुम्ही हुकूम बदलणार नाही, बरोबर? पण ती ऐकीव नाहीये हो. ज्याने सांगितलं त्याने तासभर एका आकड्याकडे बघत बसून सांगितलं. आकडा हलतो ना नेहमी, थोडा वर, थोडा खाली, हवा हलली तरी हलतो. तो हलत नव्हता. सेन्सरजवळ जाऊन त्याने ब्लीचिंगच्या पाण्याची बाटली उघडून बघितली, तरी पडद्यावर तेच. मग त्याने प्रोग्रॅम बंद करून परत सुरू केला, तर लगेच लाल झाला, भोंगा वाजला, आणि बक्षीस काय मिळालं? सुपरवायझरने झापलं, की भोंगा का वाजवलास, साहेब वर मीटिंगमध्ये आहेत. हे मनाचं सांगेल का कोणी? आणि कशासाठी सांगेल? त्याला काय मिळणार आहे? सलील कधी एक शब्द वाढवून बोलत नाही, उलट निम्मं सांगतो, मलाच त्याच्याकडून —

काका.

नाही, तसं काही नाही. सलील म्हणजे — आमच्या कॉलेजात होता, एक वर्ष पुढे. कधीतरी भेटतो. कमाटीबागेत, तिथे सगळेच जातात. असं बघू नका माझ्याकडे. बाबांना सांगायचं तर सांगा, मीच सांगणार होते, दिवाळीनंतर, तो कुळाने काय आणि कोण हे सगळं मग विचारा, आत्ता नको. आत्ता मुद्दा तो नाहीये. तुम्ही आत्ता हा विचार करताय ना की पोरीला वाचवायची आहे ती त्या एकाची छाती, बाकी ओळ आणि पॉइंटर सगळा बहाणा? — असेल. असेल, काका. पण म्हणून तो पत्ता शून्याचा शून्यच राहतो ना? मी कोणासाठी बोलते त्याने काय बदलतं?

हो, घ्या ना फोन. घ्या, घ्या. आधी शून्य फिरवावं लागत नाही, सरळ लागतो. — थँक्यू, काका. खरंच. मला वाटलंच होतं, तुम्ही बाकीच्यांसारखे नाही, लहानपणी मला सायकल तुम्हीच — हां, लागला? सांगा. फेऱ्या. बोळे स्टोअरमधून काढायला सांगा आधी, किल्ली कोणाकडे असते कोण जाणे —

काय म्हणालात?

‘सलील’ कशाला विचारताय? तो आहेच पाळीवर, मी सांगते ना, तो — नाही. नाही, काका, असं नका करू. गेटपास काढून घ्या म्हणजे काय? आत्ता? भर पाळीत? त्याने काय केलं? कंपनीतली गोष्ट बाहेर — मी बाहेरची आहे? प्रोग्रॅम मी लिहिलाय! — ठेवू नका, फोन ठेवू नका, फेऱ्यांचं सांगा, निदान फेऱ्यांचं तरी —

ठेवलात.

बरं.

एक सांगू का? नको सांगायला, पण सांगते. आत्ता तुम्ही फोन ठेवलात ना, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. मनात आलं, काढलं ना त्याला, आता तो गेटबाहेर येईल, बाहेरच्या पानाच्या गल्ल्याजवळ उभा राहील, मला शिव्या घालेल, कदाचित परत कधी बोलणार नाही, पण श्वास घेईल. सुटला. कोणी झालं नसतं एवढी खूश झाले मी, नोकरी गेली त्याची माझ्या तोंडाने, आणि मी खूश. तुम्हाला वाटत होतं ना मी त्याच्यासाठीच भांडतेय? मग आता मिटायला हवं होतं. पण मिटलेलं नाहीये.

कारण ती खुर्ची रिकामी राहणार नाही ना. कोणाला बसवायला सांगितलंत? फोनवर काय म्हणालात शेवटी — धनाजीराव? धनाजीरावांना? काका, तुम्हाला माहीत आहे का त्यांच्याबद्दल? तुमच्याच प्लँटमध्ये केस पिकले त्यांचे, सगळा जन्म क्लोरीनजवळ गेला. त्यांना वास येत नाही. कशाचाच नाही. डब्यातली आमटी आंबलेली असली तरी ते खातात, बाकीचे हातातून काढून घेतात. कोणाला सांगत नाहीत, कारण सांगितलं तर घरी बसवतील. म्हणजे काठी नाही, पडदा मेलेला, आणि आता नाकही नाही. आणि ते कोणाला विचारणार नाहीत, उलटून बोलणार नाहीत, तुम्ही ओके दाबा म्हणालात की ओके दाबतील. तुम्हाला आवडतात तसे आहेत अगदी.

परत लावा फोन. — लावा ना. — मी लावू? माझं कोण ऐकणार तिकडे.

ठीक आहे. मग उठा, काका. नाही, आईसाठी थांबायची गरज नाही, आईला मी चिठ्ठी ठेवते. मला नंदेसरीची बस पकडायची आहे. आत सोडणार नाहीत, माहीत आहे मला, गेटवर उभी राहीन, जो आत जाईल त्याला सांगेन, आकडा हलतोय का बघा, हलत नसेल तर बाहेर या. हाकललं तर रस्त्याच्या पलीकडून ओरडेन. बाबांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा, कसं सांगायचं तसं सांगा. जोडे तिकडे, पायरीवर आहेत तुमचे. उठा म्हटलं ना.